गोड्या पाण्याची चकरी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. एकदा फोनवर, बाबा माझ्या शेजारी खांद्याला खांदा लावून उभे असताना, मी एक शब्द मुद्दाम चुकीचा सांगितला. बाबांना तो ऐकू गेला नाही. बोटीच्या इंजिनघरात त्यांचे कान कायमचे गेले होते, आणि ते मला ठाऊक होतं म्हणूनच मी तो शब्द त्यांच्यादेखत बोलू शकलो. त्यात कुणाचा जीव गेला नाही. पोलिसात जाण्यासारखंही काही घडलं नाही. तरी तरुणपणातलं जे लिहून ठेवायचं त्यात हे आधी, कारण बाकीचं सगळं मी कधी ना कधी कुणाजवळ बोललेलो आहे.

आमचं घर पूर्णगडला, किल्ल्याच्या पायथ्याच्या वाडीत. पडवीत बसलं की खाडीचं मुख समोर. मी रत्नागिरीला कॉलेजात होतो, तिथे खोली करून राहायचो आणि शनिवारच्या एस्टीने घरी यायचो. बाबा त्याच सुमारास बोटीवरून कायमचे परतले. इंजिनघरात ते तेलवाले होते. यंत्रांना तेल घालायचं, पुसायचं, कुठलं बेअरिंग तापलंय ते हात लावून सांगायचं. एका नळीतून वाफ सुटली आणि त्यांचा डावा हात भाजला. बोटं वाचली, पण अर्धी वळलेलीच राहिली. मूठ पुरती मिटायची नाही आणि पंजा पुरता उघडायचा नाही. सकाळी पेजेबरोबर भाकरी असली की ते ती डाव्या मनगटाखाली दाबून धरत आणि उजव्या हाताने तुकडा तोडत. आई त्या वेळी चुलीतली लाकडं उगाच पुढेमागे करत असे. भाजलेल्या सुक्या बांगड्याचा वास, धूर, आणि त्या धुरातून आईचं ओरडणं. आमच्या घरात सगळंच बोलणं ओरडून चाले. ‘‘आणखी वाढू काय?’’ एवढं आईने विचारलं तरी शेजारच्या परड्यातला कुत्रा उठून उभा राही. कॉलेजातले मित्र म्हणायचे, तू एवढ्या मोठ्याने का बोलतोस रे? मी हळूहळू सवय मोडली. आता तर बायको म्हणते, तुमचं बोलणं उशीलाही ऐकू जात नाही.

काकांची होडी होती, जाळी होती. पण ज्या हाताची मूठ मिटत नाही त्याला जाळ्यावर काम नसतं. गरवायला जावं, गळ टाकून बसावं, तर आमच्याकडे गरी हातातच धरतात. लाकडाच्या तुकड्यावर तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक दोरा, गुंडाळलेला असतो आणि मासा लागला की दोन्ही हातांनी ओढायचं असतं. तेही गेलं. काही महिने बाबा पडवीत नुसते बसून होते, नजर खाडीवर. मग एक दिवस त्यांनी ट्रंकेतून कापडात गुंडाळलेली एक काठी काढली. बोटीवरच्या म्हाताऱ्या इंजिनियरने नोकरी संपताना त्यांना दिलेली. त्या साहेबाच्या देशात नदीवर पिसांची खोटी माशी करून मासे धरतात. बोट गोदीत अडकून पडली होती तेव्हा त्याने बाबांना ते शिकवलं होतं. काठीच्या बुडाशी एक चकरी, तिच्यावर जाड पिवळी दोरी, दोरीच्या टोकाला तंगूस आणि तंगुसाला ती माशी. उजव्या हाताने काठी मागेपुढे झुलवली की दोरी हवेत वेटोळी घेत लांब जाते आणि माशी पाण्यावर अलगद उतरते. मासा लागला की चकरीतला ब्रेक दोरी जपून सोडतो, ओढ धरून ठेवतो, माशाला दमवतो. साहेबाला ती चकरी दोरी ठेवण्यापुरती लागत असेल. बाबांना ती गेलेल्या हाताच्या जागी मिळाली होती.

आई सांगायची, त्या दिवसांपासून बाबांना झोप लागू लागली. कोंबड्याची पिसं आणि तिच्या जुन्या लुगड्याची जर घेऊन ते दुपारभर माश्या बांधत. धागा दातात धरायचा, गळ डाव्या हाताच्या वळलेल्या बोटांत अडकवायचा. त्या वाकड्या बोटांना दुसरं काही जमत नव्हतं, हे मात्र पकडीसारखं जमायचं. भरतीला ते खाडीच्या तोंडावरच्या कातळावर उभे राहत. कधी बोय मिळे, कधी तांबोशी, एखादा लहान जिताडा. घरी आणून ते आईपुढे टाकत आणि पाय धुवायला जात. त्या दिवशी कालवणात आई त्रिफळं जरा जास्तच टाकायची.

वाडीला मात्र फुकटची करमणूक झाली. वारा कापत काठी हलवणारा माणूस, आणि तोही माशी बांधून! आपल्या भाषेत रिकामटेकड्या माणसाला माश्या मारतो म्हणतात, त्यामुळे कुणाला डोकं चालवावंच लागलं नाही. ‘‘काय अण्णा, माश्या मारताय?’’ कातळावरून जाणारा येणारा विचारायचा. बाबांना ऐकू येत नसे, ते मान डोलवून हसत. मग विचारणारा अजून हसे. ‘‘आज किती मारल्यात?’’ बाबा पुन्हा मान डोलवत. मी हे पाहिलं की वळून दुसऱ्या वाटेने जात असे.

एका रविवारी माझे कॉलेजातले मित्र किल्ला बघायला म्हणून आले. तटावर बसून आम्ही भेळ खात होतो आणि खाली कातळावर बाबा. पिवळी दोरी उन्हात लांबून दिसत होती. एकजण म्हणाला, ‘‘तो बघ रे, माणूस समुद्राला चाबूक मारतोय!’’ दुसरा म्हणाला, ‘‘कोण रे हा येडा? तुमच्या गावचा?’’ मी म्हणालो, ‘‘असेल कुणीतरी.’’ आणि हसलो. त्यांच्यापेक्षा जरा जास्तच हसलो. खाली बाबांनी वर पाहिलं, मला ओळखलं की नाही कोण जाणे, पण काठी उंच करून हलवली. मित्रांनीही हात हलवले. मी भेळेच्या कागदाकडे बघत राहिलो.

त्याच महिन्यात साहेबाची जुनी चकरी गेली. ती मुळातच नदीतल्या गोड्या पाण्याची. खाडीत इतके दिवस टिकली हेच नवल. आतली स्प्रिंग गंजून तुटली. बाबांनी ती पडवीत खोलून मांडली आणि मला जवळ बसवलं. दत्तामामा, आईचा भाऊ, तेव्हा बोटीवर होता आणि परदेशातल्या बंदरावरून सुलूकाकींकडे फोन करणार होता. आमच्या वाडीत फोन तेवढाच. बाबांना फोन ऐकू येणं शक्य नव्हतं. चकरी हवी एवढं मामाला पत्राने कळवलं होतं, कसली हवी ते फोनवर मीच सांगायचं होतं.

‘‘नीट आईक,’’ बाबा ओरडले. ‘‘मामाला सांग, खाऱ्या पाण्याचीच होवी. अंग ओतीव नको, ओतीवाला मीठ भोकं पाडतं. एका ठोकळ्यातनं कापून काढलेली होवी. आन ब्रेक आत बंद पायजे. पाणी आत शिरता कामा नये. शिरलं की संपला कारभार. जड असली तरी चालंल. रंगाबिंगाचं काय न्हाय. आलं ध्यानात?’’

‘‘आलं.’’

‘‘काय सांगशील? म्हण बगू.’’

मी म्हटलं. त्यांनी माझ्या ओठांकडे बघत शब्द न् शब्द तपासला आणि खूष झाले. ‘‘शिकल्याचा फायदा,’’ असं आईला ओरडून सांगितलं.

सुलूकाकींच्या ओटीवर फोन वाजला तेव्हा बाबा माझ्याबरोबर होते. स्वच्छ शर्ट घालून आले होते, जणू मामा समोरच भेटणार होता. मी फोन कानाला लावला. समुद्रासारखी खरखर, आणि तिच्यातून मामाचा आवाज: ‘‘काय रे विन्या! भावोजी बरे? आईक, दुकानातनंच बोलतोय. दोन तऱ्हा हायत. एक गोड्या पाण्याची, एक खाऱ्याची. खाऱ्याची काळी ढूस हाय, जड. गोड्याची देखणी हाय बग, चांदीसारखी. पण भावोजींना खाऱ्याचीच ना?’’

मी तोंड भिंतीकडे केलं. भिंतीवर कसलं तरी कॅलेंडर होतं. मनात आलेलं आज जसंच्या तसं लिहितो, कारण ते आपोआप घडलं, तोंडातून निसटलं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलेलं आहे. तसं नव्हतं. गोड्या पाण्याची आणली तर ती एका हंगामात गंजून निकामी होईल, आणि ती गेली की हे कातळावरचं प्रदर्शन थांबेल, असा सरळ हिशोब मी त्या कॅलेंडरसमोर उभं राहून केला.

‘‘नाही,’’ मी म्हणालो. ‘‘गोडी. बाबा आता वरच्या अंगालाच जातात.’’

‘‘खाडीच्या वर? नदीत? बरं झालं बाबा. कातळावर पाय घसरायची भीती नको. मग गोडी?’’

‘‘गोडीच पाठव.’’

फोन ठेवला. बाबांनी हाताने विचारलं, सांगितलंस? मी मान हलवली. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, उजव्या हाताने, जोरात. सुलूकाकी दारातून म्हणाल्या, ‘‘मामा बिस्किटं धाडतोय वाटतं? गोडी सांगितलीस ते बरं केलंस. खारी काय, हितं बी मिळतात.’’ बाबांनी मला विचारलं, ‘‘काय म्हणते?’’ मी म्हणालो, ‘‘काही नाही.’’ सुलूकाकी आजही भेटल्या की चेष्टा करतात, तुझ्या मामाची गोडी बिस्किटं मला चाखायला मिळालीच न्हाईत. मी हसतो. दुसरं काय करणार.

मामाच्या बोटीवरचा एक माणूस रजेवर आला तेव्हा चकरी घरी पोचली. मखमली पिशवीत, चांदीसारखी खरंच. बाबांनी ती तळहातावर घेतली आणि वजन करून पाहिली. कपाळावर आठी आली. ‘‘हलकी वाटते,’’ ते म्हणाले. बाजूच्या भोकांतून आत डोकावले. ‘‘आन ब्रेक उघडाच दिसतो.’’ मग खोक्यातला इंग्रजी कागद माझ्याकडे दिला. ‘‘बग, खाऱ्याचं लिवलंय काय?’’

कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की ही चकरी गोड्या पाण्यातल्या माशांसाठी आहे आणि खाऱ्या पाण्यात वापरल्यास कंपनी जबाबदार नाही. मी तो शेवटपर्यंत वाचला आणि म्हणालो, ‘‘खाऱ्याचीच आहे. नवीन धातू आहे बाबा, म्हणून हलकी. फक्त रोज गोड्या पाण्याने धुवायची.’’ हे शेवटचं वाक्य का जोडलं, कोण जाणे. खोटं खरं वाटावं म्हणून असेल. ‘‘तू वाचलंस ना, मग झालं,’’ बाबा म्हणाले, आणि आठी गेली.

त्या एका वाक्याने आईच्या डोक्यावर एक कळशी चढवली. दिवाळी सरली की आमच्या दारची विहीर मचूळ व्हायची, समुद्राची चव तिच्यात उतरायची. प्यायचं पाणी वरच्या वाडीतल्या विहिरीवरून, घाटीच्या पायऱ्या चढून आणावं लागे. आता चकरीसाठी वेगळी कळशी. बाबा कातळावरून आले की आई टोपात गोडं पाणी ओतून ठेवी, आणि ते चकरी त्यात बुडवून, काढून, पिळलेल्या फडक्याने पुसून, खोबरेलाचं बोट फिरवून ठेवत. पुसून झाली की एकदा फिरवून पाहत: कर्र कर्र. तो आवाज त्यांना ऐकू येत नसे, बोटांना कळे. चुलीपाशी आईला ऐकू येई आणि ती म्हणे, ‘‘झाली बायची आंघोळ! घरात माणसाला प्यायला न्हाय आन हिला रोज न्हाणं.’’ पण कळशी ती चुकवत नसे. मी सुट्टीत घरी असलो की मीच वर जाऊन पाणी आणायचो. आई शेजारणींना सांगायची, विनू बापसाचं किती करतो.

माझ्या अंदाजापेक्षा ती चकरी जास्त टिकली. बाबांच्या त्या धुण्यापुसण्यामुळेच टिकली. थंडीत त्यांना चांगले मासे मिळाले. चेष्टा करणारेही जरा थंडावले, एकदोघे माशी बघायला म्हणून पडवीत येऊन बसू लागले. शिमग्याला मुंबईचे चाकरमानी आले, तेव्हा कातळावर बघ्यांची रांगच लागली. पालखी घरोघरी फिरत होती, ढोल वाजत होते, आणि भरती चढत असताना बाबांच्या माशीला जिताडा लागला. मी तिथेच होतो. पाणी फुटलं आणि तो वर उसळला तेव्हा लोकांच्या तोंडून एकच आवाज निघाला. एवढा जिताडा आमच्या खाडीत मी नंतर पाहिला नाही. काका ओरडत होते, ‘‘अण्णा, सोड, दोरी सोड त्याला!’’ बाबांना न ऐकताही ते ठाऊक होतं. त्यांनी काठी उभी धरली आणि ब्रेकवर भरवसा ठेवला. चकरी थोडी फिरली. मग एकदम अडकली. काठी कमानीसारखी वाकली, बाबांनी डाव्या हाताने चकरीला धक्का दिला, वळलेली बोटं तिच्यावरून घसरत राहिली, पुन्हा धक्का, पुन्हा. मी त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर होतो. पुढे होऊन दोरी धरता आली असती. हात सोलवटला असता, पण धरता आली असती. मी उभा राहिलो. तंगूस तुटला. तो आवाज बाबा सोडून सगळ्यांनी ऐकला.

‘‘जाऊंदे अण्णा,’’ मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘आता माश्याच मारा!’’ लोक हसले, मग पालखी पुढच्या घरी निघाली तसे पांगले.

पुरणपोळीची ताटं तशीच होती. बाबांनी पडवीत चकरी खोलली. आतल्या दांड्यावर पांढरी पूड साठली होती, धातूला बारीक बारीक खड्डे पडले होते. त्यांनी पूड नखाने खरवडली, जिभेला लावली आणि थुंकली. ‘‘मीठ,’’ ते म्हणाले. त्यांना हळू बोललेलं कळत नसे म्हणून ते स्वतःही कधी हळू बोलत नसत. त्या दिवशी बोलले. ‘‘माझंच चुकलं. धुवायला कमी पडलो. दत्तानं एवढी चांगली दिली, मला राखता आली न्हाय.’’

आई उंबऱ्यात होती. ती पुढे आली आणि बाबांसमोर बसून, त्यांना दिसेल असं तोंड करून, मोठ्याने म्हणाली, ‘‘तुमचं न्हाय वो. माझं चुकलं. पायरीवर पाय मुरगळला व्हता ना, तवा मी चार दिस दारच्या विहिरीचं मचूळ पाणी दिलं तुमाला. बोलले न्हाय. वाटलं, काय व्हतंय.’’ आणि पदर डोळ्यांना लावून रडू लागली. बाबा रागावले नाहीत. ‘‘चार दिवसांनी काय व्हतंय,’’ म्हणाले. ती म्हणाली, ‘‘व्हतंय. तुमीच सांगत व्हतात, एकदा मीठ शिरलं की संपलं.’’

मी दोघांच्या मधोमध बसलो होतो. पुढ्यात पोळी, तिच्यावर तूप गोठत होतं. तोंड उघडायला तीच वेळ होती, आणि ते मला त्या क्षणीही पुरतं कळत होतं. मी पोळीचा तुकडा मोडला आणि खाल्ला.

मामा रजेवर आला तेव्हा आता सगळं उघडं पडणार असं मला वाटलं. पण बाबांनी आधीच आम्हाला बजावलं होतं, ‘‘दत्तापाशी चकरीचं काढू नका. त्याला वाईट वाटंल.’’ मामाने विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘बेस हाय,’’ आणि विषय बदलला. नवी आणूया असं आई पुढे एकदोनदा म्हणाली. ‘‘एक राखता आली न्हाय, दुसरी कशाला?’’ एवढंच. काठी पुन्हा ट्रंकेत गेली. बाबा पडवीत बसू लागले, पण आता तोंड खाडीकडे नसे, रस्त्याकडे असे. कुणी त्यांना माश्या मारताय काय विचारेनासं झालं. मला हवं होतं ते झालं होतं.

मी आता रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या वाटेवर दुकान चालवतो. होड्यांचे सुटे भाग, दोर, तंगूस, आणि हल्ली मागणी वाढली म्हणून काठ्या आणि रीळ, म्हणजे चकऱ्याच. रविवारी पुलावर गरवायला जाणारी पोरं येतात, मोबाइलवर चित्र दाखवतात: काका, हे खाऱ्याला चालेल ना? मी रीळ खोलून दाखवतो, ब्रेक बंद आहे का, अंग ओतीव की कापीव, कुठे पाणी शिरेल. गोड्या पाण्याची असेल तर विकत नाही. बायको म्हणते, तुम्ही गिऱ्हाइकाला धंद्यापेक्षा जास्त सांगता. मला ही सगळी विद्या बाबांनी एका दुपारी पडवीत दिली आणि मी ती म्हणूनही दाखवली होती.

आईला जाऊन काही वर्षं झाली. शेवटच्या आजारात तिचं मन मागचंपुढचं गोळा करत होतं, तेव्हा तिने मला एकदा म्हटलं, ‘‘तुझ्या बापसाचा छंद माझ्या आळसापायी गेला बग.’’ मी तिचा हात धरला आणि म्हणालो, ‘‘असं काही नसतं गो आये.’’ एवढंच म्हणालो. आळशी म्हणायचं, त्या बाईला!

बाबा आहेत. खूप थकलेत, डोळ्यांनाही कमी दिसतं, त्यामुळे ओठांवरून आता काही कळत नाही. कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं. मी दर आठवड्याला पूर्णगडला जातो, औषधं देतो, नखं काढतो, डाव्या हाताची नखं काढायला वेळ लागतो. प्रत्येक वेळी वाटतं, आज. पण त्यांच्या कानाशी जे सांगायचं ते वाडीभर ऐकू जाणार, सुलूकाकींच्या ओटीपर्यंत जाणार, आणि मी औषधाच्या वेळा ओरडून सांगतो आणि निघतो. हे लिहितोय तेसुद्धा त्यांना वाचता येणार नाही हे माहीत असून लिहितोय. यात धीटपणा नाही.

बाबा, चकरी तुमच्या हातून बिघडली नाही, आईच्या पाण्याने बिघडली नाही. मला तुमची लाज वाटत होती म्हणून मी ती बिघडणारीच मागवली, हे बाबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगणं, एवढं देणं मी त्यांचं अजून लागतो.